फेब्रुवारीत जो हजर

दिवाळीनंतर बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाचं पाणी उतरायला लागतं आणि आत बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे एकेक करून वर येतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात तिकडे चक्कर टाकली तर त्यातल्या एखाद्या बुंध्यावर ऑस्प्रे बसलेला दिसतो. आकाराने घारीच्या आसपास, पण पोट पांढरंशुभ्र आणि डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेला गडद पट्टा. धरणावरचे मासेमार त्याला ‘मासं मारणारी घार’ म्हणतात, आणि तेवढ्यावर त्यांचं भागतं.

तो मासा कसा धरतो हे एकदा नीट बघावं. पाण्यावर बराच उंच, एका जागी पंख मारत थांबतो. मग पंख आवळतो, दोन्ही पाय पुढे काढतो आणि सगळ्या अंगानिशी पाण्यात घुसतो. फार खोल नाही, जेमतेम मीटरभर. वर येतो तेव्हा पायात चिलापी असते, आणि ती धरण्याची पद्धत बघण्यासारखी: एक पाय पुढे, एक मागे, माशाचं तोंड उडण्याच्या दिशेला, म्हणजे वाऱ्याला अडथळा कमी. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं. दोन बोटं पुढे, दोन मागे, तळव्याला बारीक काटे. बुळबुळीत मासा सुटायचा तर कुठून? त्याचं जेवण जवळजवळ सगळं मासेच. बुंध्यावर येऊन तो डोक्याकडून खायला सुरुवात करतो आणि दोन मिनिटांत कावळे हजर होतात. मी दुर्बिणीतून बघितलंय, एक कावळा समोर बसून लक्ष वेधतो आणि दुसरा मागून हळूच शेपूट ओढतो. ऑस्प्रे मान वळवतो, पुन्हा खायला लागतो. चोच मारत नाही, उडत नाही. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं तसं.

कारण इथे तो पाहुणाच. चार-पाच महिने मुक्काम करतो, पण एक काडी उचलत नाही. कालव्याकाठच्या विजेच्या खांबावरही बसतो, तेही फक्त बसायला. त्याचं घर लांब उत्तरेला आहे, आणि आपण त्याला हिडकलला मासा खाताना बघतो तेव्हा ते रिकामं असतं.

ते रिकामं घर माझ्या डोक्यातून जात नाही.

ऑस्प्रेचं घरटं म्हणजे काड्यांचा ढीगच. दरवर्षी त्याच जागी यायचं, जुन्यावर नवा थर चढवायचा. नर बहुतेक काड्या आणतो, मादी त्या रचते. वर्षानुवर्षं हे चाललं की ढीग मीटर-दीड मीटर रुंद होतो, वजन शंभर किलोच्या पुढे जातं. त्याला जागा लागते ती पाण्याच्या जवळ, उंच आणि वरून उघडी, चारही बाजूंनी येता-जाता येईल अशी. जंगलात अशी जागा म्हणजे शेंडा वठलेलं जुनं झाड. पण वठलेलं झाड राखून ठेवायला कुणाला परवडतं? लाकूडवाल्यांनी ती आधी तोडली. मग माणसाने नदीकाठाने, शेतांतून, सरळ रेषेत, पाहिजे तितक्या उंचीची, पानं-फांद्या नसलेली झाडं उभी केली आणि त्यांवरून वीज नेली. ऑस्प्रेच्या नजरेने टॉवर म्हणजे पडण्याची भीती नसलेलं वठलेलं झाड. जर्मनीत आज बहुसंख्य ऑस्प्रे झाडावर नाही, हायटेन्शनच्या टॉवरवर घरटं करतात. अमेरिकेत तर ते साध्या लाकडी खांबावरही चढलेत.

आता दुसरा पक्षी. इंग्रजीत ज्याला रेव्हन म्हणतात तो आपला डोमकावळा नव्हे. डोमकावळा आपल्याकडे खानापूरच्या जंगलात भरपूर आहे, पण रेव्हन त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठा, आकाराने घारीला भिडणारा, शेपटी पाचरीसारखी. भारतात तो भेटतो वायव्येच्या कोरड्या मुलखात आणि हिमालयात. बेळगावच्या बाजूला नाही. युरोप, रशिया, उत्तर अमेरिका हा त्याचा मुख्य प्रदेश, म्हणजे जिथे ऑस्प्रे घर करतो तोच. त्यालाही उंच जागा लागते, पूर्वी कडे-कपारी आणि मोठी झाडं, आता टॉवरसुद्धा. अमेरिकेत आयडाहो आणि ओरेगन राज्यांतून 500 केव्हीची एक लाइन टाकली, 596 किलोमीटर लांबीची. वर्षाच्या आत तिच्या टॉवरवर शिकारी पक्ष्यांनी आणि रेव्हननी घरटी घालायला सुरुवात केली आणि दहा वर्षांत तिथे 133 जोड्या झाल्या. लाइन टाकणाऱ्यांनी नकाशात एवढी वस्ती काही धरली नसणार.

दोघांमधला मोठा फरक असा की रेव्हन कुठे जात नाही. बर्फ पडो, उपासमार होवो, जोडी आपल्या हद्दीत बारा महिने ठाण मांडून असते. आणि तो अंडीही फार लवकर घालतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आधी. ऑस्प्रे दक्षिणेहून परततो मार्चअखेर, एप्रिलमध्ये. म्हणजे हिडकलवर आपला पाहुणा चिलापी सोलत बसलेला असतो त्याच आठवड्यात तिकडे कुठेतरी रेव्हनची जोडी एका रिकाम्या ढिगावर येऊन उभी राहते. पाया तयार, उंची पसंतीची, मालक परगावी. ती वरच्या थरात खोलगट वाटी करते, आत लोकर-केस अंथरते आणि मादी बसते. तीन आठवडे अंडी उबवायची, पुढे पाच-सहा आठवडे पिल्लं. हजारो किलोमीटर उडून ऑस्प्रे घरी पोचतो तर घरात लेकुरवाळं बिऱ्हाड.

पुढे काय होतं ते जागेवर ठरतं. कधी ऑस्प्रे भांडून घरटं सोडवतो, कारण अंगाने तो मोठा आणि पंजे मासा फाडणारे. कधी रेव्हन टिकून राहतो. तो हुशार, जोडीने लढणारा, आणि ऑस्प्रेची अंडी उघडी मिळाली तर ती खाणारा. कधी ऑस्प्रे शेजारच्या टॉवरवर नव्याने काड्या टाकतो आणि त्या वर्षीची वीण उशिरा होते किंवा होतच नाही. काड्या कुणी किती वर्षं वाहिल्या याचा हिशेब कुठेच धरला जात नाही.

सीमाभागातल्या माणसाला ‘आधी कोण’ हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. 1956 पासून आम्ही तो ऐकतोय, 2004 पासून तो सुप्रीम कोर्टात आहे, इथे तो वाढवत नाही. मला आठवतं ते आमचं घर.

संकेश्वरच्या पुढे हिरण्यकेशीच्या काठाला आमचं सासरचं गाव. या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात विचारा, निम्मी माणसं बाहेर: पुणे, चाकण, गोवा, मुंबई. आमच्या घरातले मोठे चुलत दीर चाकणला कंपनीत. घराचे दोन वाटे, मधे भिंत, समोरचा सोपा, म्हणजे ओसरी, एकाच कौलाखाली. त्यांचा वाटा वर्षातले अकरा महिने कुलूपबंद. धाकट्या दिरांनी पहिल्या वर्षी त्यांच्या सोप्यात पावसापुरत्या खताच्या चार पिशव्या ठेवल्या. पुढच्या वर्षी फवारणीचा पंप. मग कडब्याच्या पेंढ्या, मग म्हैस व्याली तेव्हा चार दिवस म्हैससुद्धा. कुणी ‘घेतो’ म्हणालं नाही, कुणी ‘देतो’ म्हणालं नाही. जत्रेला मोठे भाऊजी आले, सोपा बघितला, चहा घेतला आणि रात्री जेवताना आवाज चढले.

कायद्याचं म्हणाल तर दुसऱ्याच्या जागेवर 12 वर्षं उघड, विरोधात ताबा ठेवला तर हक्काचा प्रश्न उभा राहतो. पण एकत्र कुटुंबात एकाचा ताबा तो सगळ्यांचा ताबा धरतात, त्यामुळे नुसता कडबा रचून सोपा कुणाचा होत नाही. हे मी धाकट्या भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘वैनी, कायदा बरोबर हाय. पण पावसाआधी कौलं कोण परततंय?’’ उताऱ्यावर नाव दोघांचं आहे. उतारा कन्नडात, भांडण मराठीत, ही आमच्याकडची नेहमीची व्यवस्था.

खरं सांगायचं तर मला धाकट्या भाऊजींचं पटतं. घर बंद राहिलं की दोन पावसाळ्यांत वासे कुजतात. जो राहतो तो वाळवी बघतो, गळती बघतो, पंचायतीची पट्टी भरतो. पक्ष्यांवरच्या लिखाणात बहुतेक वेळा सहानुभूती ऑस्प्रेकडे जाते, कारण तो देखणा, लांबून आलेला, घर हरवलेला. रेव्हनला घुसखोर ठरवून मोकळे होतात. अरे, पण ज्या महिन्यात तिथे नदी गोठलेली असते त्या महिन्यात तो तिथे असतो! ऑस्प्रेला तो हिवाळा झेपत नाही, कारण गोठलेल्या पाण्यातून मासा काढता येत नाही. तो जातो यात त्याचा दोष नाही. राहणाऱ्याने रिकामी जागा वापरली यात त्याचाही नाही.

शिवाय दोघंही मरता मरता वाचलेले आहेत. ब्रिटनमध्ये 1916 नंतर ऑस्प्रेचं घरटं उरलं नाही. गोळ्या घालणारे आणि अंडी जमवणारे हौशी, दोघांनी मिळून संपवलं. 1954 मध्ये स्कॉटलंडच्या लॉक गार्टन तळ्याकाठी एक जोडी पुन्हा आली तेव्हा पुढे त्या झाडाभोवती काटेरी तारा आणि पहारा बसवावा लागला. अमेरिकेत डीडीटी हे कीटकनाशक माशांतून त्यांच्या पोटात गेलं, अंड्याचं कवच इतकं पातळ झालं की आईच्या वजनानेच अंडी फुटायची. 1972 मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली आणि मग संख्या सावरली. रेव्हनलाही मध्य युरोपात लोकांनी विष घालून, बंदुकीने जवळपास हुसकून लावलं होतं. तोही संरक्षण मिळाल्यावर परतला. दोघं परत आले तोवर जुनी झाडं गेली होती आणि खांब उभे होते. म्हणून भांडण खांबावर.

झाडं गेल्यावर काय होतं ते बघायला मला जर्मनीला जायची गरज नाही. संकेश्वरहून गडहिंग्लज-आजऱ्याकडे जाणारा रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही बाजूंची जुनी झाडं गेली. आमच्या आज्जेसासूबाई मे महिन्यात पावसाचा अंदाज कावळ्याच्या घरट्यावरून सांगायच्या. आंब्या-करंजावर घरटं असेल तर पाऊस बरा, बाभळीवर-सावरीवर असेल तर ओढ, अगदी शेंड्याला असेल तर दुष्काळाचं चिन्ह. आता निम्मी घरटी लाइटच्या पोलवर. त्यावरून पाऊस कसा धरायचा हे त्यांच्या शास्त्रात नव्हतं. ‘‘लोखंडाला कुठली आलीया ओल,’’ एवढं बोलून त्यांनी विषय संपवला होता.

11 केव्हीच्या पोलवर वरच्या टोकाला लोखंडी व्ही आर्म असतो, दोन बाजूंना दोन चिनीमातीच्या चिमण्या, म्हणजे इन्सुलेटर, आणि मधे शेंड्यावर एक. कावळ्याच्या दृष्टीने ती फांदीची बेचकी, तीही न हलणारी. त्यात तो बाभळीच्या काड्या आणतो आणि जवळ कुठे स्लॅबचं काम चालू असेल तर बाइंडिंगची तार. तार त्याला फार आवडते, वाकवली की वाकते, अडकवली की अडकते. आत काथ्या, केस, साडीची चिंधी. वाळलेल्या काडीने विशेष बिघडत नाही. पण वळवाच्या पहिल्या सरीने काड्या भिजल्या, किंवा तारेचं एक टोक वाहिनीला आणि दुसरं लोखंडी आर्मला टेकलं, की करंट सरळ जमिनीत जातो आणि अख्खा फीडर ट्रिप होतो. थ्री फेज गेली की विहिरीवरच्या मोटारी बंद. आणि ठिणगी खाली उसात पडली तर विचारायलाच नको. तिकडे ऑस्प्रे हाच उद्योग गवताच्या गठ्ठ्यांना बांधायच्या सुतळीने करतो. त्या सुतळीत त्याची स्वतःची पिल्लंच कधी पाय अडकून मरतात. वर त्याची पातळ विष्ठा इन्सुलेटरवर ओघळते ती वेगळी.

आमच्या भागाचा लाइनमन घरटी काढायला एप्रिल-मेमध्ये येतो. कर्नाटकचं वीज मंडळ (केईबी) जाऊन किती वर्षं झाली, लोक अजून त्याला ‘केईबीचा माणूस’च म्हणतात. आधी सबस्टेशनला फोन लावून एलसी घेतो, म्हणजे लाइन बंद असल्याचा निरोप, मग बांबू घेऊन चढतो. यंदा तो आमच्या बांधावरच्या डीपीपाशी आला तेव्हा मी शाळेतून येत होते. कावळी डोक्यावर घिरट्या घालून त्याच्या हेल्मेटवर टोच्या मारत होती. त्याने घरट्यात डोकावून बघितलं आणि तसाच खाली उतरला.

‘‘का हो अण्णा, काढलं नाही?’’

‘‘टीचर, पिल्लं हायत. त्यातलं एक कोकिळंचं वाटतंय. तार तेवढी ओढून काढली, काड्या ऱ्हाऊ देत. आठ दिसांनी बघू.’’ हातातल्या तारेची त्याने गुंडाळी केली आणि पिशवीत टाकली. पाव किलो तरी असेल.

त्याला मी जर्मनीचं सांगितलं. तिथे वीज कंपन्या टॉवरच्या टोकाला, तारांपासून वर, लोखंडी टोपली बसवून देतात. अमेरिकेत पोलच्या शेजारी वीज नसलेला दुसरा उंच खांब उभा करतात आणि त्यावर फळी ठोकतात. पक्षी तिकडे जातो, लाइन सुटते. दरवर्षी घरटं पाडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, कारण पाडलेलं घरटं ऑस्प्रे दोन-चार दिवसांत पुन्हा रचायला घेतो.

अण्णाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘टोपली कुणासाठी?’’

‘‘त्या मासे मारणाऱ्या पक्ष्यासाठी.’’

‘‘आणि कावळा आधी येऊन बसला तर?’’

उत्तर माझ्याकडे होतं: बसतो. ऑस्प्रेसाठी उभारलेल्या फळ्यांवर रेव्हन आधी येऊन बसतो, काही ठिकाणी मोठी बदकंसुद्धा बसतात. मग कुणी दुसरी फळी ठोकतं. थोडं लांब, म्हणजे एकमेकांना दिसलं तरी रोजची मारामारी होणार नाही. शेवटी उपाय सापडतो तो हक्क ठरवून नाही, खांब वाढवून. आपल्याकडे गंमत अशी की कावळ्याच्या टाकलेल्या घरट्याला पुढचं गिऱ्हाईक तयारच असतं. तुरमती नावाचा छोटा ससाणा स्वतः काही बांधत नाही, कावळ्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालतो. कोकिळा तर चालू घरट्यातच घालते. म्हणजे ज्या कावळ्याला आपण दांडगट समजतो तोच सगळ्या गावाला फुकट घरं पुरवतो. सगळी घरटी सरसकट पाडली तर हे लोक कुठे जाणार, याचा विचार वीजवाल्यांच्या मान्सूनपूर्व कामांच्या यादीत नसतो. आणि असावा अशी अपेक्षा तरी मी कुठल्या तोंडाने करू? थ्री फेज गेली की पहिला फोन आमच्याच घरातून जातो.

अण्णा म्हणाला, ‘‘मग एक काम करा टीचर. रस्त्याकडंचे जुने सिमेंटचे पोल नवीन लाइन टाकल्यावर काढतात, तेवढे ऱ्हाऊ देत म्हणून पंचायतीत सांगा. करंट न्हाई, काही न्हाई. बसू देत काय बसायचं ते.’’ ही सूचना मला जर्मनांच्या टोपलीपेक्षा जास्त पटली. दोन खांब आमच्या बांधाला तसे उभे आहेत. मात्र त्यांचा आर्म काढून नेलाय, नुसता सरळ दांडा, बेचकी नाही. त्यावर कोतवाल बसतो, खंड्या बसतो, घरटं कुणी करत नाही. धाकट्या भाऊजींनी त्यांच्या माथ्याला जुन्या नांगराचा फाळ आणि सायकलची रिम बांधून द्यायचं कबूल केलंय, सुगी आवरल्यावर.

सोप्याचं म्हणाल तर यंदा मोठे भाऊजी जत्रेला आठ दिवस राहणार आहेत, मुलांना सुट्टी आहे. धाकट्यांनी निम्मा कडबा हलवून परड्यात रचला. उरलेला निम्मा का ठेवलाय विचारलं तर म्हणाले, पावसाच्या आत म्हशी संपवतील, उगं दोनदा कोण वाहणार. चाकणहून जाऊबाईंचा फोन आला होता. सोप्याचं काही बोलल्या नाहीत. तिथे पंखा लावायला पॉइंट आहे का, एवढंच विचारलं. मी बघून आले, पॉइंट आहे, कडब्याच्या मागे.